बेल बंद आहे, दार वाजवा

शाल्मलीने टुसॉनहून व्हिडिओ पाठवला:
लाल बाटलीत साखरपाणी, आणि बाटलीपुढे
खिळ्यावाचून हवेत टांगलेला
एक हिरवा थेंब.
मावशी, हा हमिंगबर्ड.
इथले लोक म्हणतात, हा
गेलेल्या माणसांचा निरोप घेऊन येतो.
आणि ठोके मिनिटाला बाराशे, मावशी! बाराशे!

चौतीस वर्षं परळच्या वॉर्डात
मनगटावर दोन बोटं ठेवून मी मोजत आले.
बहात्तर. अठ्ठ्याऐंशी.
एकशे चाळीस, डॉक्टरांना उठवा.
बाराशे मोजायला माझ्याकडे बोट नाही.

तिला कळवलं, आपल्याकडे नसतो गं तो.
आपल्याकडे शिंजीर.
बसून पितो, दमतो, भांडतो.
निरोपाचं काही ऐकलं नाही.

मुलुंडला, चौथ्या मजल्यावरच्या उघड्या गॅलरीत,
माझ्या बेलच्या सुटलेल्या वायरला
मादीने फेब्रुवारीत घरटं लोंबकळवलं.
कोळ्याचं जाळं, नारळाची शेंडी,
कुणाच्या तरी इस्त्रीच्या हिशेबाची चिठ्ठी,
आणि, चष्मा लावून पाहिलं तर,
माझ्याच डब्यातला कापूस.
कंपाउंडमागच्या काटेसावरीपर्यंत जायची, यायची.
ती सावर अशीच लाल असताना
नलूने लेकीचं नाव शाल्मली ठेवलं होतं.

नर मात्र खाली,
कदमांच्या स्कूटरच्या आरशाशी.
दिवसभर. जांभळा, पेटलेला,
समोरचा जांभळा हटत नाही म्हणून चोच आपटत.
पाखरांकडून शिकावं म्हणतात.
ह्याच्याकडून काय शिकू?
असे मी पुष्कळ पाहिलेत:
बायको आत कळा देतेय
आणि हे बाहेर पार्किंगवरून हातघाईवर.

मी फ्यूज काढला. पुठ्ठ्यावर लिहिलं,
बेल बंद आहे, दार वाजवा.

दूधवाला नाण्याने वाजवतो.
कुरिअरवाला तळहाताने, आग लागल्यासारखा.
समोरच्या प्रधानबाई दोन बोटांनी, हळूच,
आत कुणी झोपलं असेल म्हणून.
आत कुणी झोपलेलं नसतं.
नलूची खाट मी सव्वा वर्षापूर्वीच घडी करून ठेवली.

मार्चमध्ये पुन्हा मेसेज:
मावशी, थंडीच्या रात्री तो जवळजवळ मरतो.
गार पडतो, ठोके पन्नासावर येतात,
कुणालाही वाटेल संपला.
मग ऊन लागतं, थरथरतो, आणि उठतो.

उठतो.
हे मी तीनदा वाचलं.

शाल्मली विचारत नाही, मीही सांगत नाही.
व्हिसाचं काहीतरी अडलं होतं तिचं.
त्या रात्री नलूच्या मनगटावर
माझी हीच दोन बोटं होती.
अठ्ठेचाळीस. छत्तीस.
मग मी मोजणं सोडलं, नुसता हात धरला.
चौतीस वर्षांत पहिल्यांदा
आकडा कुठे लिहिला नाही.
सकाळी ऊन आलं होतं खिडकीत, नेहमीसारखं,
तिच्या कोपरापर्यंत.

दोन अंड्यांतलं एकच पिल्लू उडालं.
दुसऱ्याचं काय झालं, मी पाहायला गेले नाही.
एप्रिल सरला तसा नराचा रंग उतरला,
छातीवर एक काळी पट्टी उरली,
लग्नाहून परतलेल्याच्या सैल टायसारखी.
आरशावर बसतो आता,
आत बघत नाही.

घरटं तसंच आहे. वाऱ्याने फिरतं.
फ्यूज ड्रॉवरमध्ये, थर्मामीटरशेजारी.

शाल्मलीचं तिकीट जूनचं.
तेवढी बेल दुरुस्त करून घे, मावशी,
रात्री दीडला पोचेन मी.

मी लिहिलं, नको. तू वाजव.
सगळ्यांचं वाजवणं ओळखते मी आता.

पाठवलं, आणि मग लक्षात आलं,
तिचं तेवढं
मी अजून ऐकलेलं नाही.